नर्सबाईंची वही: एका बेने इस्रायली मावशींच्या आठवणी गोळा करतानाच्या नोंदी

अलिबाग तालुक्यातलं गाव, गावात उरलेलं एकच बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, घर, आणि त्या घरात एकट्या राहणाऱ्या मावशी. वय अठ्ठ्याऐंशी. मी शाळेत शिक्षिका आहे, या कामाचं शिक्षण कुठेही घेतलेलं नाही. आपल्या गावात कुणाला असं काही करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचाव्यात, म्हणून रोजनिशीतली पानं इथे देते आहे. माणसांची नावं काढली आहेत.

६ ऑगस्ट २०२३
पहिलं ध्वनिमुद्रण. ४२ प्रश्नांची यादी घेऊन गेले होते आणि तीच पहिली चूक ठरली. मावशींनी पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरं घडाघडा दिली: नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव, गावावरून पडलेली ‘कर’ लावलेली आडनावं. आवाज अगदी सपाट, शाळेतल्या पोराने पाढे म्हणावेत तसा. मी विचारलं, “मावशी, हे याआधी कुणाला सांगितलंय का?” त्या म्हणाल्या, “दर दोन वर्षांनी कुणीतरी येतं गो. चहा पितं, हेच विचारतं, जातं.”
घरी येऊन ऐकलं तर सगळ्यावर पंख्याची घरघर. ५० मिनिटांपैकी कामाची जेमतेम १५.

२० ऑगस्ट
कॉलरला लावायचा माइक आणला, ८५० रुपये. पंखा बंद केला तर दोघीही घामाने निथळलो आणि मावशी वीस मिनिटांत कंटाळल्या. मग मागच्या पडवीत बसलो. तिथे कावळे, शेजारचा कुकर, एसटीचा हॉर्न. तरी पंख्यापेक्षा बरं. कावळा थांबतो, पंखा थांबत नाही.
“सगळे इस्रायलला गेले, तुम्ही का गेला नाहीत?” असं विचारलं. “पेन्शन इथे येतं ना,” म्हणाल्या. मी लिहून घेतलं आणि वाटलं, झालं, मिळालं उत्तर.

३ सप्टेंबर
यादी घरीच विसरले आणि पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. मावशी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या, मीही बसले. हात चालू असले की तोंड आपोआप चालतं. बिरड्यावरून त्यांच्या आईवर, आईवरून मुंबईतल्या नर्सिंगच्या वसतिगृहावर, तिथून १९५९ साली इथल्या उपकेंद्रावर रुजू झाल्या त्या दिवसावर. नदीला पूर, होडीतून उतरताना पत्र्याची पेटी पाण्यात पडली, पहिला महिना दोन साड्यांवर काढला.
गावाला त्या ‘नर्सबाई’ म्हणूनच माहीत आहेत. पस्तीसएक वर्षं आसपासच्या वाड्यांवरची बाळंतपणं त्यांनी केली. माझा जन्मही त्यांच्याच हातचा. आणि मी ४२ प्रश्नांत त्यांच्या नोकरीवर एकच प्रश्न ठेवला होता, तोही एकोणचाळिसावा.
मुद्रणात वालाची सालं टाकल्याचा टप टप आवाज सतत येतो. तो काढायचा नाही असं ठरवलं.

१६ सप्टेंबर, शनिवार
आज त्यांचा नव्याचा सण, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस. छान मिळेल म्हणून मुद्दाम गेले. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून केलेला हलवा आदल्या दिवशीच थापून ठेवलेला होता. वडी हातात दिली आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ते यंत्र आज बाहेर काढू नकोस हां.” शनिवार म्हणजे त्यांचा काम बंद ठेवायचा वार, त्यात सण. जन्मभर शेजारी राहून मला हे कळायला हवं होतं. दीड तास गप्पा झाल्या, एक शब्द मुद्रित नाही. घरी येऊन आठवेल तसं लिहिलं, पण ते माझ्या भाषेत उतरलं, त्यांच्या नाही. तेव्हापासून फक्त रविवार.

१२ नोव्हेंबर
फोन पाण्यात पडला. तीन मुद्रणं गेली, सुमारे अडीच तास. दुसरी प्रत कुठेच ठेवली नव्हती. त्यात मावशींनी म्हटलेलं एक पाळण्याचं गाणं होतं. पुन्हा म्हणायला सांगितलं तर म्हणाल्या, “तेव्हा आलं होतं, आता येत नाही.” दोन पेन ड्राइव्ह घेतले, ९०० रुपये. एक माझ्याकडे, एक शाळेच्या कपाटात. मुद्रण झालं की त्याच रात्री दोन्हींवर.

१७ डिसेंबर
‘का गेला नाहीत’ हा प्रश्न आज चौथ्यांदा विचारला. मागची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली:
ऑगस्टमध्ये “पेन्शन इथे येतं.” ऑक्टोबरमध्ये “ह्यांना इथे पुरलंय.” नोव्हेंबरमध्ये, जरा चिडून, “मला विचारलं कुणी? तिकिटं काढून आणली नि सांगितलं चला.” आणि आज: “त्या महिन्यात वरच्या आळीतली सून अडणारी होती. पहिली वेळ, पोर आडवं. तिला टाकून कशी जाऊ? मग ते राहिलंच.”
पुढे निवृत्तीनंतर त्या इस्रायलमधल्या लोदला मुलाकडे सात महिने राहून आल्या होत्या. तिथे वालसुद्धा मिळतात, म्हणाल्या.
मी खरं उत्तर कोणतं ते शोधत होते. आता चारही तारखांसकट छापायची.

१७ जानेवारी २०२४
मावशी गेल्या. संध्याकाळी साडेसात.

१८ जानेवारी
दफन दुपारी झालं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अलिबाग, पेण आणि ठाण्याहून आले, नऊ झाले, दहावे साडेअकराला पोचले. मुलाला लोदहून इतक्यात येणं शक्यच नव्हतं, त्याने फोनवर ऐकलं. कबरस्तानातली झाडी तोडायला आमच्या आळीतले सगळे होते. मी काहीही मुद्रित केलं नाही.

११ फेब्रुवारी
दादांनी, म्हणजे मावशींच्या मुलाने, दोन गोष्टी सोपवल्या: वर्षाच्या दिवसापर्यंत कबरीवरचा दगड आणि एक छोटी पुस्तिका. पत्र्याची पेटी उघडली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं तेव्हा ती भिजली होती आणि तशीच बंद राहिली होती. आत फोटोंचा एक ठोकळाच.
वरचे दोन फोटो मी ओढून सोडवले. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर गेला. नर्सिंगच्या तुकडीचा फोटो होता तो, १९५८ चा. मावशी त्यात कुठे उभ्या होत्या ते आता कुणीच सांगू शकणार नाही.
मग अलिबागच्या एका जुन्या फोटोवाल्याला विचारलं. त्याने सांगितलेली रीत: स्वच्छ गार पाण्यात ठोकळा बुडवून ठेवायचा, अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप कडा सुटायला लागतात. सुटेल तेवढाच काढायचा, ओढायचं नाही. चेहऱ्याची बाजू वर करून सुती कापडावर वाळवायचा. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. हे काळ्या-पांढऱ्या फोटोंना लागू पडलं. नंतरच्या रंगीत फोटोंचा थर पाण्यात फुगून चिकट झाला. पहिल्याच्या कोपऱ्यावर कळलं म्हणून बाकीचे वाचले, ते तसेच चिकटलेले ठेवले आहेत.
११८ फोटो स्कॅन केले, १,७७० रुपये. स्टुडिओवाल्याने फक्त पुढची बाजू केली. पाठीमागे मावशींच्या अक्षरात नावं होती, त्यासाठी पुन्हा फेरी.

१४ एप्रिल
मुद्रणं कागदावर उतरवतेय. एका तासाच्या बोलण्याला मला सात तास लागतात. फोनमधल्या आपोआप लिहिणाऱ्या सोयीने ‘बिरड्याचा सण’चं ‘बिरबलाचा क्षण’ केलं, तेव्हाच ती बंद केली.
हाताने लिहिलेलं टंकनाला दिलं, पानाला ३० रुपये. टंकन करणाऱ्या मुलाचा फोन: “बाई, या मावशी मुसलमान होत्या का?” मी म्हटलं, का रे? “मशिदीत गेलो म्हणतात, रमजान धरला म्हणतात, उरूस म्हणतात.” त्याने माझी सोय म्हणून सगळीकडे ‘मशीद’ खोडून ‘प्रार्थनास्थळ’ केलं होतं. १६२ पानं पुन्हा तपासली. कोकणातले बेने इस्रायली सिनेगॉगला मशीदच म्हणत आले आहेत, नव्या वर्षाआधीच्या महिन्याच्या उपासांना रमजान, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा, भरतो तो उरूस. मावशींची भाषा शुद्ध करायला मला कुणी सांगितलेलं नाही. सगळं परत फिरवलं, सुरुवातीला अर्ध्या पानाची शब्दांची यादी टाकली. तीन रविवार गेले.

९ जून
पेटीच्या तळाशी मेणकापडात तीन वह्या निघाल्या. बाळंतपणांची घरगुती नोंद, १९५९ ते १९९३. सरकारी रजिस्टर वेगळं असणार, ही त्यांची स्वतःची. रकाने: तारीख आणि वेळ, घर, मुलगा की मुलगी, वजन (आधी पौंडात, मग किलोत), ‘विशेष’, आणि शेवटी ‘पोचले’. शेवटच्या रकान्यात कुठे ‘खण-नारळ’, कुठे ‘पायली तांदूळ’, कुठे ‘काही नाही’, आणि मधूनच ‘उद्या’.
हा ‘उद्या’ काय आहे? मला वाटलं उधारी. पण ‘उद्या’च्या शेजारी कुठे फिटल्याची खूण नाही, खोडलेलं नाही. अकराशेवर ओळी आहेत, सगळ्या संगणकावर तक्त्यात भरायला घेतल्या.

२३ जून
तक्त्यात तारखेसमोर वार आपोआप यावा असं सूत्र घातलं. ‘उद्या’ असलेल्या ओळींचे वार: शनिवार बरेच, पण सोमवार, गुरुवार, मंगळवारही भरपूर. काहीच सूत्र नाही. दोन आठवडे यात गेले.

३० जून
चूक सापडली, ती भूकंपामुळे. वहीत एक ओळ आहे: ‘११-१२-६७ पहाटे. विशेष: भूकंप, कंदील पडला.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तो सोमवार. माझ्या तक्त्यात वार आला होता रविवार. म्हणजे संगणक तारीख उलटी वाचत होता, आधी महिना, मग दिवस: १२ नोव्हेंबर. ज्या ज्या तारखेचा दिवस बारापर्यंत आहे ती जवळजवळ प्रत्येक ओळ चुकलेली, त्यापुढच्या बरोबर. वार माहीत असलेल्या दोनतीन तारखा आधी घालून पाहिल्या असत्या तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. (दिवस, महिना, वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत भरा. मी आता तसंच करते.)
सगळं दुरुस्त केल्यावर ३-६-७८ सोमवारचा शनिवार झाला आणि त्याच्याबरोबर बाकीचेही. ‘उद्या’ म्हणजे शनिवार. शनिवारी बाळंतपण करायचं, पण त्याबद्दल काही हातात घ्यायचं नाही. नारळसुद्धा रविवारी. मुद्रणात एकदा त्या म्हणाल्या होत्या, “पोर काय वार बघून येतं?” तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारून ते वाक्य वाया घालवलं होतं.
दहाबारा ओळी तरी जमत नाहीत. १२-१०-७९ शुक्रवार आहे, तरी ‘उद्या’ नव्हे, ‘परवा’ लिहिलंय. १४-१०-७२ शनिवार आहे, आणि नारळ त्याच दिवशी पोचला. मावशींची नजरचूक असेल असं म्हणून सोडलं.

७ जुलै
माझी स्वतःची ओळ शोधली. मुलगी, सहा पौंड, आईला रक्तस्राव. त्याच्या दोन वर्षं आधी त्याच घराची आणखी एक ओळ आहे. मुलगा, वजनाच्या जागी रेघ. हे मला घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. आई आता नाही, विचारायला कुणी नाही.
अशा ओळी आणखीही आहेत, आणि काही अशा की ज्यांच्यासमोर घराचं नाव नाही, नुसतं फुलीचं चिन्ह आहे. वहीतली पानं पुस्तिकेत छापायची माझी योजना होती, दादांनाही आवडली होती. ती रद्द. फक्त ‘पोचले’ हा एक रकाना छापायचा, तारखेसकट, घरं झाकून. वह्या दादांच्या ताब्यात जातील.

१८ ऑगस्ट
गावातल्या आठवणी. २३ घरं केली. पहिल्या नऊ घरांत एकच वाक्य: “देवमाणूस होत्या.” पुढे काही नाही. कितीही वेळ बसा, चहा येतो, वाक्य तेच.
दहाव्या घरापासून प्रश्न बदलला: “तुमच्यावर कधी ओरडल्या होत्या का?” आणि धरण फुटलं. एकीला बाळाला मध चाटवला म्हणून पायरीवर उभं करून झापलं होतं. एकाच्या म्हातारीने नाळ कापायला विळा काढला म्हणून विळाच विहिरीत टाकला, आणि दुसऱ्या दिवशी नवा घेऊन दिला. एका बाईने सांगितलं, बाराव्या दिवशी नवरा दारू पिऊन आला, हात उगारला, तेव्हा नर्सबाईंनी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याच्याचकडून गरम पाणी आणवलं. हे सांगताना ती इतकी हसली की मुद्रणात अर्धा मिनिट नुसतं हसणंच आहे.

२० ऑक्टोबर
दगड. काळा ग्रॅनाइट, कोरणावळीसह ७,५०० रुपये. वर मराठी, खाली हिब्रू. जन्मतारखेचा पहिला घोळ: शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३५, आणि आमच्या पिढीच्या आधीच्या अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचाच आहे, मास्तरांच्या कृपेने. फक्त १९३५ घातलं.
हिब्रू अक्षरं दादांनी पाठवली, कारागिराला हिब्रू येत नाही, मलाही नाही. खऱ्या आकाराचा कागद छापून दिला. तरी त्याने खडूने आखताना वर्षातलं शेवटचं अक्षर, दालेत, कोपरा गोल करून काढलं. कोपरा गोल झाला की ते दालेत राहत नाही, रेश होतं, आणि हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात, त्यामुळे चाराचे दोनशे होतात. व्हिडिओ कॉलवर दादांनी पाहिलं म्हणून खडूवरच निभावलं.

१० नोव्हेंबर
खडूवर निभावलं म्हणून खूश होते, पण खरी चूक माझी होती आणि ती कोरून झाल्यावर कळली. मृत्यूची तारीख मी तारीख बदलून देणाऱ्या एका साधनात १७ जानेवारी २०२४ घालून काढली होती: ७ शेवात ५७८४ (शेवात हा त्यांच्या पंचांगातला महिना). दादांनी दगडाचा फोटो पाहिला आणि विचारलं, “आई किती वाजता गेली म्हणालीस?” साडेसात. “मग आठ शेवात. आमचा दिवस सूर्य मावळला की बदलतो.”
पुन्हा दगड घ्यायचा म्हणजे पुन्हा साडेसात हजार. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी कारागिराने दोन्ही अक्षरं कागदावर शेजारी शेजारी काढून घेतली. सातासाठी झायिन: एक उभा पाय, वर छोटी टोपी. आठासाठी हेत: दोन पाय आणि वर आडवी. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बाई, हिला एक पायच जोडायचाय की.” टोपी डावीकडे वाढवली, दुसरा पाय उतरवला. आकड्याची खूण म्हणून शेजारी जी छोटी तिरकी रेघ होती ती नव्या पायात जिरली. ४०० रुपये. बोट फिरवलं तर डावा पाय किंचित खोल लागतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.
घरी आल्यावर वहीतल्या न जमणाऱ्या ओळी काढल्या. १२-१०-७९, शुक्रवार, वेळ रात्री ९. दिवेलागण झालेली, म्हणजे मावशींचा शनिवार लागलेला. म्हणून ‘परवा’. १४-१०-७२, शनिवार, रात्री ११. शनिवार संपलेला, नारळ घ्यायला हरकत नाही. बारापैकी बाराही ओळी जमल्या. नजरचूक म्हणून मी सोडल्या होत्या.

१५ डिसेंबर
छपाईवाल्याकडे पुस्तिका लावताना सगळा हिब्रू मजकूर उलटा झाला, शेवटचं अक्षर पहिलं. त्याचा जुना मराठी फॉन्ट आणि उजवीकडून चालणारी लिपी एकत्र नांदेना. दोन दिवस खटपट करून शेवटी हिब्रू ओळींची चित्रं करून चिकटवली. ६४ पानं, १०० प्रती, ११,२०० रुपये.
दुसरी गोष्ट: मी सगळ्यांना वर्षाचा दिवस म्हणून १७ जानेवारी सांगून ठेवला होता. ८ शेवात या वेळी ५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी लागते. त्यांच्या मधल्या वर्षात आपल्या अधिक मासासारखा एक महिना जास्तीचा होता. एकोणीस दिवस वाढून मिळाले. त्यात सगळी प्रुफं पुन्हा वाचता आली, आणि ती वाचायला हवीच होती.

५ फेब्रुवारी २०२५
दादा आणि वहिनी लोदहून आले. सूर्य मावळल्यावर पडवीत दिवा लावला. दहा पुरुष या वेळी साडेपाचलाच हजर. पुस्तिका वाटल्या, ४१ प्रती गेल्या. वह्या दादांना दिल्या.
एकूण खर्च २७,४८० रुपये. दगड आणि छपाई दादांची, बाकी माझं. वेळ दीड वर्ष, त्यातले निदान चार महिने चुका निस्तरण्यात.

९ फेब्रुवारी
सकाळी एक आजोबा पुस्तिका हातात घेऊन दारात. पान ४१ उघडून म्हणाले, “हा मी आहे.” नाव कुठेही नव्हतं. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, “ते नाही. पण थोबाडीत मारली हे चूक आहे. ढकललं होतं. चुकीचं छापलंय तर चिठ्ठी लाव.”
शुद्धिपत्राची चिठ्ठी लिहिली: ‘थोबाडीत मारली’ याऐवजी ‘ढकललं’ वाचावं. छपाईला द्यायच्या आधी त्यांच्या घरी दाखवायला गेले. आजी भाकरी थापत होत्या. चिठ्ठी वाचून दाखवली. मान वर न करता म्हणाल्या, “मारली होती. डाव्या गालावर.”
चिठ्ठी लावलेली नाही.